शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणं: पराक्रम किती आणि भरती-ओहोटी किती?

खाडीपलीकडचा (६ जून, सकाळी ८.१०)

जूनची सहा तारीख आली की नॉर्मंडीचे (६ जून १९४४ ला जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं) फोटो सगळीकडे फिरायला लागतात. बोटीचा दरवाजा पाण्यात पडलाय, पाठमोरे सैनिक रायफली वर धरून चाललेत, समोर धूर. खाली "शौर्याला सलाम". सलाम आहेच, त्यात वाद नाही. पण या विषयावर थोडंफार वाचून माझं एक मत बनलंय, ते इथल्या जाणकारांपुढे टाकतो. हवं तसं झोडपा.

शत्रूच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना निम्मी लढाई पाणी, वाळू आणि चंद्र यांच्याशी असते. आणि तिचा निकाल पहिला सैनिक पाण्यात उतरायच्या आधीच लागलेला असतो.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं दिएप घ्या. १९ ऑगस्ट १९४२. सहा हजारांच्या आसपास माणसं, त्यातली पाच हजार कॅनडाची. किनारा गोट्यांचा. चर्चिल रणगाड्यांच्या पट्ट्यांत गोटे अडकले आणि कित्येक तिथेच बसले. जे भिंत ओलांडून पलीकडे गेले त्यांच्यापुढे गावात शिरायच्या वाटा काँक्रीटने बंद केलेल्या. ९०७ कॅनेडियन मेले, १९०० हून जास्त पकडले गेले. किनाऱ्याचा चढ किती, हे लोकांच्या सुट्टीतल्या फोटोंवरून ठरवलं होतं!

प्रशांत महासागरातलं, जपान्यांच्या ताब्यातलं तारावा, २० नोव्हेंबर १९४३. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा. सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटीला साडेतीन-चार फूट पाणी लागतं, तेवढं कठड्यावर नव्हतंच. बोटी अडकल्या आणि अमेरिकन मरीन पाचशे यार्डांहून जास्त अंतर मशीनगनांच्या समोर पाण्यातून चालत गेले. ७६ तासांत हजारेक मेले.

आणि मग नॉर्मंडी. १९४३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री मेजर स्कॉट-बाउडन आणि सार्जंट ऑग्डेन-स्मिथ हे दोघे पोहत व्हेर-सुर-मेरच्या किनाऱ्यावर गेले. डोक्यावरून दीपस्तंभाचा झोत फिरतोय, हे पालथे पडून वाळूत गिरमिट खुपसतायत, नमुना नळीत भरतायत, दंडाला बांधलेल्या पाटीवर जागा टिपतायत. कारण शास्त्रज्ञांना शंका होती की वाळूखाली जुनी दलदल आहे आणि रणगाडे रुततील. परतताना लाटा दोघांना मागे फेकत होत्या. ऑग्डेन-स्मिथ ओरडायला लागला, स्कॉट-बाउडनला वाटलं बुडतोय. तो म्हणत होता, "हॅपी न्यू इयर!"

मातीच्या त्या नळ्यांनी जेवढे जीव वाचवले तेवढे कुठल्या तोफेनेही वाचवले नसतील असं मला वाटतं. तुमचं काय मत?

---

टवाळ_टिनपाट (सकाळी ८.३२)

म्हणजे "पाण्याची वेळ बघून चौपाटीवर जा रे" असं आमची आई ओरडायची, तेच दोस्तांच्या सरसेनापती आयसेनहॉवरला कुणीतरी सांगितलं.

पहिला नंबर माझा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

इतिहासवेडा (सकाळी ९.०५)

धागा चांगला, मत अर्धवट.

नॉर्मंडीत अमेरिकन उतरले त्या ओमाहा बीचवर सगळी गणितं केलेली होती ना? भरती किती वाजता, चंद्र कुठे, सगळं. मग काय झालं? ढगांमुळे विमानांनी आपल्याच माणसांवर पडू नयेत म्हणून बॉम्ब उशिरा सोडले, ते किनारा सोडून आत शेतात पडले. पाण्यावर तरंगणारे २९ डीडी रणगाडे एका तुकडीने समुद्रात सोडले, त्यातले २७ बुडाले. समोर दुय्यम दर्जाचं सैन्य असेल असा अंदाज होता, तिथे जर्मनांच्या ३५२ व्या डिव्हिजनची माणसं निघाली. सकाळी साडेआठ-नऊपर्यंत कागदावरची योजना पार मेलेली होती.

मग किनारा घेतला कुणी? सार्जंट, लेफ्टनंट अशा माणसांनी, पाच-दहा जण गोळा करून टेकाडं चढून. ब्रिगेडियर जनरल नॉर्मन कोटा, वय ५१, गोळ्या चालू असताना उभा राहून लोकांना हुसकत होता. आणि अमेरिकन विनाशिकांचे कप्तान, जहाज तळाला टेकायची भीती असताना हजार यार्डांच्या आत आले आणि थेट बंकरवर तोफा डागल्या. यातलं काहीही वाळूच्या नळीत नव्हतं.

उलट उदाहरणही घ्या. अमेरिकनांच्याच दुसऱ्या, यूटा बीचवर प्रवाहाने सगळ्यांना ठरलेल्या जागेपासून जवळजवळ दोन किलोमीटर दक्षिणेला नेऊन टाकलं. तिथे माजी अमेरिकन अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टचा मुलगा, तोही थिओडोरच, ५६ वर्षांचा, हातात काठी. त्याने पाहिलं आणि ठरवलं, लढाई इथूनच सुरू करायची. नेमकी ती जागा कमी बंदोबस्ताची निघाली. पाण्याचं गणित चुकलं आणि जीव वाचले. आता बोला!

---

आद्या (सकाळी ९.११)

इतिहासवेडा +१

---

निवृत्त_दर्यावर्दी (सकाळी १०.४०)

मी व्यापारी जहाजांवर आयुष्य काढलंय, फौजेतला नाही. पण पाण्यावरचं बोलू शकतो.

इतिहासवेडा, ते २७ रणगाडे "गणित करूनही" बुडाले नाहीत, गणिताकडे दुर्लक्ष केलं म्हणून बुडाले. रणगाड्याभोवती कॅनव्हासचा उभा पडदा, त्यावर तीसेक टनांचं धूड तरंगणार. ही चीज फूटभर लाटेसाठी बनवलेली. त्या सकाळी लाटा पाच-सहा फुटी. वर प्रवाह आडवा. चालकांनी खुणेला किनाऱ्यावरचा चर्चचा मनोरा धरला आणि तो समोर ठेवायच्या नादात रणगाडे लाटेला आडवे होत गेले. आडव्या लाटेत कॅनव्हास किती टिकणार? शेजारच्या तुकडीच्या रणगाड्यांचं काय झालं? बोटींवरच्या नौदल अधिकाऱ्याने समुद्र बघितला आणि रणगाडे पाण्यात न सोडता थेट किनाऱ्यापर्यंत नेले. समुद्र तोच, दिवस तोच.

भरतीबद्दल. नॉर्मंडीला भरती-ओहोटीत वीस फुटांच्या आसपास फरक पडतो. बंदोबस्त बघणाऱ्या जर्मन सेनापती रोमेलने किनाऱ्यावर लाकडी खांब, लोखंडी फाटे, त्यांवर सुरुंग लावून ठेवले होते, भरतीच्या पाण्याखाली दिसणार नाहीत असे. त्याचा अंदाज होता की हे लोक भरतीलाच येणार, म्हणजे उघड्यावर कमी चालावं लागेल. दोस्तांनी उलट केलं. ओहोटी संपून पाणी चढायला लागताना आले. अडथळे उघडे, सुरुंग काढणाऱ्यांना थोडा वेळ, आणि अडकलेली बोट वाढत्या पाण्यात आपोआप सुटते. भरती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, म्हणून अमेरिकन साडेसहाला उतरले आणि ब्रिटिश-कॅनेडियन तासाभराने. हे आकडे लिव्हरपूलजवळ बिडस्टनला आर्थर डूडसन यांनी दात्यांची चाकं आणि कप्प्या असलेल्या यंत्रावर काढले. किनारा कुठला हे त्यांना सांगितलेलं नव्हतं, नुसते आकडे दिले होते.

आणि छत्रीधारी सैनिकांना चांदणं हवं. पहाटेनंतर लगेच ओहोटी आणि रात्री चांदणं, हे जूनमध्ये ५, ६, ७ तारखेलाच जुळत होतं.

---

रेवदंडेकर (सकाळी ११.२०)

दर्यावर्दी काका, एक नंबर.

आमच्याकडे म्हातारी माणसं घड्याळ बघत नाहीत, तिथी विचारतात. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. उथळ बंदरात होडी काढायची तर भांगाच्या दिवशी कोण काढत नाही.

आता कॅलेंडर काढून बसलो. तारावाला २० नोव्हेंबर, म्हणजे चंद्र अर्धा, कृष्ण अष्टमीच्या जवळ. भांग! आमच्या थळ-नवगावच्या कुठल्याही तांडेलाने सांगितलं असतं, "आज नको, चार दिस थांब."

आणि ६ जून १९४४ ला पौर्णिमा. तीही ज्येष्ठातली.

---

सायली_कां (सकाळी ११.२९)

ज्येष्ठ पौर्णिमा म्हणजे वटपौर्णिमा!! 😀 आणि त्या दिवशी रोमेल कुठे होता? फ्रान्समध्ये नव्हताच. हवा खराब आहे, आता कोण येतंय, असं समजून जर्मनीला घरी गेला होता. बायकोचा वाढदिवस ६ जूनला.

---

टवाळ_टिनपाट (सकाळी ११.३३)

बघा, बायकोचा वाढदिवस लक्षात ठेवला आणि फ्रान्स गेला. मी हे घरी वाचून दाखवणार आहे.

---

निवृत्त_दर्यावर्दी (दुपारी १२.१५)

रेवदंडेकर, तुमच्या तांडेलासारखा एक जण तिथे होताच. मेजर फ्रँक हॉलंड, न्यूझीलंडचे, गिल्बर्ट बेटांवर बरीच वर्षं काढलेले. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की या दिवसांत कठड्यावर तीन फूटही पाणी मिळायचं नाही. ऐकून घेतलं, पण तारीख हलली नाही. प्रशांत महासागरात पुढच्या मोहिमा रांगेत उभ्या होत्या.

पण नुसत्या भांगावर भागत नाही. १९८७ मध्ये डोनाल्ड ओल्सन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हिशोब मांडला. त्या दिवसांत चंद्र अर्धा तर होताच, शिवाय पृथ्वीपासून त्याच्या सगळ्यात लांबच्या टप्प्याजवळ होता. दोन्ही एकत्र आल्यावर भरती जवळजवळ मेलीच. पाणी तासन् तास जिथल्या तिथे.

तिथे निभावलं ते पट्ट्यांवर चालणाऱ्या उभयचर गाड्यांवर. त्या कठड्यावरून रांगत जात. पण होत्या सव्वाशेच्या आसपास, पहिल्या काही लाटांपुरत्या. मागचे सगळे हिगिन्स बोटीत.

---

चौकटराजा (दुपारी १२.५०)

हिगिन्स बोटीवरून आठवलं. न्यू ऑर्लिन्सचा अँड्र्यू हिगिन्स दलदलीत चालणाऱ्या उथळ बोटी बनवायचा. प्लायवूडची ३६ फुटी बोट, ३६ माणसं, पुढे पडणारा दरवाजा. वीस हजारांहून जास्त बनल्या. गंमत म्हणजे तो पुढचा दरवाजा आधी जपान्यांकडे होता. १९३७ मध्ये शांघायला जपानी सैन्य उतरताना व्हिक्टर क्रुलाक या मरीन अधिकाऱ्याने त्या बोटींचे फोटो काढून अमेरिकेला पाठवले. तिथे ते धूळ खात पडले. नंतर त्यानेच हिगिन्सपर्यंत ती कल्पना पोचवली.

अवांतर: माझ्या आयडीला शोभेल असा किस्सा. १९४४ च्या मे महिन्यात लंडनच्या डेली टेलिग्राफच्या शब्दकोड्यात यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून अशी उत्तरं एकामागून एक आली, शेवटची एक-दोन जूनच्या पहिल्या दोन दिवसांत. सगळी नॉर्मंडीच्या मोहिमेतली गुप्त नावं! कोडी रचणारे लिओनार्ड डॉ हे शाळेचे मुख्याध्यापक. गुप्तहेर खात्याची माणसं दारात हजर. निष्पन्न काही झालं नाही.

---

सायली_कां (दुपारी २.०५)

आम्ही फ्रान्समध्ये राहतो, नॉर्मंडीला जाऊन आलोय, म्हणून दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या सांगते.

ओमाहाला ओहोटीच्या वेळी गेलो. फोटोत कळत नाही, पण पाण्याची कड ते टेकाडाचा पायथा हे अंतर भयंकर आहे. सपाट, ओली, घट्ट वाळू, आडोशाला काही नाही. मुलगा पळत पाण्याला हात लावून परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. त्याच्या पाठीवर काही नव्हतं आणि समोरून कुणी गोळ्या मारत नव्हतं. टेकाडावर चढून मागे बघितलं की जर्मन मशीनगनवाल्याला काय दिसत असेल ते दिसतं: सगळं.

दुसरं आरोमांश. तिथे काँक्रीटची अवाढव्य खोकी अजून समुद्रात उभी आहेत. किनाऱ्याजवळची ओहोटीला उघडी पडतात, जवळ जाता येतं. शेवाळ, शिंपले, आणि काँक्रीटमधून बाहेर आलेल्या गंजक्या सळया. हीच ती मलबेरी बंदरं. दिएपवरून धडा घेतला होता की तयार बंदर जिंकणं महाग पडतं, म्हणून इंग्लंडमध्ये तुकडे बनवून बंदरच ओढत आणलं. दोन होती. १९ ते २२ जूनच्या वादळात ओमाहासमोरचं अमेरिकन बंदर मोडलं. आरोमांशचं टिकलं.

माझं मत खाडीपलीकडचाच्या बाजूने, पण थोडं पुढे. मोठा प्रश्न उतरल्यावरचा: दुसऱ्या दिवशी खायला काय, पेट्रोल कुठून, दारूगोळा कसा?

---

निवृत्त_दर्यावर्दी (दुपारी २.४०)

सायलीताई, त्या वादळाबद्दल एक जोड. ५-६-७ ची संधी हुकली असती तर ओहोटीच्या हिशोबाने पुढची तारीख १९ जूनच्या आसपास होती. म्हणजे बरोबर त्या वादळात. ५ तारखेला हवामान बिघडलं म्हणून हवामानतज्ज्ञ ग्रुप कॅप्टन स्टॅग यांच्या सल्ल्यावरून एक दिवस थांबले, आणि ६ ला थोडी उघडीप मिळेल असंही त्यांनीच सांगितलं. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉड इथल्या नोंदी त्यात महत्त्वाच्या ठरल्या.

आणि अमेरिकन बंदर मोडल्यावर माल थांबला नाही. त्यांनी रणगाडे वाहणारी मोठी एलएसटी जहाजं भरतीला किनाऱ्यावर चढवली, ओहोटीला वाळूवर बसू दिली, पुढचा दरवाजा उघडून गाड्या कोरड्या बाहेर काढल्या, पुढच्या भरतीला जहाज परत. आमच्याकडे गलबतं दुरुस्तीला अशीच बसवायचे. नौदलाच्या अधिकाऱ्यांना आधी भीती होती की जहाजाचा कणा मोडेल. काही मोडलं नाही.

---

अण्णा_सातारकर (दुपारी ४.१८)

सगळं वाचतोय, छान चाललंय. पण अमेरिका झाली, कॅनडा झाला. आपली माणसं कुठं होती या उतरण्यात? आमच्या भागातली निम्मी गावं फौजेत. इटलीत यशवंत घाडगे, नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते माहीत आहे, पण ती डोंगरातली आणि नदीकाठची लढाई. समुद्रातून किनाऱ्यावर उतरलेले मराठे कुणी होते का नाही?

---

इतिहासवेडा (सायंकाळी ५.३०)

अण्णा, होते की. पण पहिल्या महायुद्धात जावं लागेल.

१६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबई बंदरातून एक प्रचंड ताफा निघाला. त्यात दोन मोहिमांची माणसं होती आणि दोन्हींचं नशीब अगदी उलट निघालं.

एक गेली इराणच्या आखातात. सहाव्या पूना डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड, तिच्यात ११७ वी मराठा पलटण. ६ नोव्हेंबरला शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाओला युद्धनौकेने तुर्की तोफा गप्प केल्या आणि एक तुकडी उतरून किल्ला ताब्यात घेतला. ब्रिगेड पुढे नदीने वर जाऊन उतरली. दोन-अडीच आठवड्यांत बसरा पडलं.

दुसरी गेली पूर्व आफ्रिकेत, टांगाला. आठ हजार माणसं, समोर जर्मन कर्नल लेटो-फोरबेकचे हजारेक. माणसं पंधरवड्याहून जास्त बोटींवर कोंबलेली, समुद्र लागून बेजार. जनरल एटकेन यांना मोंबासाला उतरवून विश्रांती द्या म्हणून सुचवलं, त्यांनी नाही म्हटलं. त्यावर कडी म्हणजे नौदलाच्या कप्तानाने आधी बंदरात जाऊन जर्मनांना कळवलं की टांगावर हल्ला न करण्याचा आपला तह आता रद्द. आणि सुरुंग पेरलेत का, असंही विचारलं! उत्तर काय मिळणार? मग सुरुंग शोधण्यात वेळ, आणि तोवर लेटो-फोरबेकने आगगाडीने माणसं आणली. खारफुटीच्या दलदलीत उतरवलेलं सैन्य झाडीत शिरलं, वर गोळ्यांनी मधमाश्यांची पोळी फुटली. ५ नोव्हेंबरला सगळे परत बोटींवर. मशीनगन, शेकडो रायफली आणि लाखो गोळ्या किनाऱ्यावर सोडून. जर्मनांना पुढे कित्येक महिने तो माल पुरला.

खाडीपलीकडचा, यातलं काय चंद्रावर ढकलणार? बंदर तेच, ताफा तोच, भरतीही कुणी अडवली नव्हती. फरक सेनापतीच्या डोक्याचा.

---

खाडीपलीकडचा (सायंकाळी ६.०२)

खारफुटी! तुम्हीच लिहिलंय की. खारफुटीत सैन्य उतरवणं म्हणजे किनारा न बघता उतरवणं. माझाच मुद्दा. 🙂

---

इतिहासवेडा (सायंकाळी ६.०९)

तह रद्द झाल्याची वर्दी खारफुटीने दिली का?

---

रेवदंडेकर (सायंकाळी ६.४५)

सेनापतीवरून निघालंच आहे तर आपल्याकडचा जंजिरा. मोरोपंतांच्या मोहिमेत लाय पाटलांनी रात्रीत किल्ल्याच्या तटाला शिड्या लावल्या म्हणतात. सिद्दीच्या नाकाखाली. आणि मागून यायची माणसं आलीच नाहीत, पहाट व्हायला आली तशा शिड्या काढून परत. महाराजांनी लाय पाटलांचा मान केला. म्हणजे किनारा, भरती, काळोख सगळं साधलं तरी मागची फळी हवी. सायलीताईंचा मुद्दा.

---

टवाळ_टिनपाट (सायंकाळी ६.५१)

आला, जंजिरा आला. आता दोनशे प्रतिसादांची निश्चिंती.

---

संपादक (सायंकाळी ७.२०)

जंजिऱ्यावर स्वतंत्र धागा काढावा. मधले काही वैयक्तिक प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

---

निवृत्त_दर्यावर्दी (रात्री ९.१५)

अण्णांच्या प्रश्नाला माझ्याकडूनही.

तुर्कस्तानातलं गॅलिपोली, २५ एप्रिल १९१५. पहिल्याच दिवशी अँझॅक कोव्हला हिंदी पहाडी तोफखाना उतरला, खेचरांवर लादलेल्या सुट्या तोफा घेऊन. जेकब्ज बॅटरी दुपारी वर टेकाडावर मारा करत होती, तोवर तिथे दुसरी तोफ नव्हती. बहुतेक पंजाबी माणसं. गुरखे, शीख नंतर आले. या मोहिमेत मिळून पंधरा हजारांवर हिंदी माणसं होती.

दुसऱ्या महायुद्धात सिसिलीला, जुलै १९४३ मध्ये, आपल्या नौदलाच्या सतलज आणि जमना या नौका विमानविरोधी पहाऱ्याला होत्या.

आणि ज्यांचा फोटो कुणी काढला नाही ते खलाशी. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर आगवाले, डेकवाले आपल्या रत्नागिरी-बाणकोट पट्ट्यातले मुसलमान, भंडारी. खानसामे, स्टुअर्ड गोव्याचे. सैन्य, कोळसा, खाणं किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या जहाजांच्या पोटात ही माणसं. पाणतीर लागला तर आगवाल्याला वर यायला वेळच नसे. दुसऱ्या युद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी नौसैनिक आणि खलाशांची सहा हजारांहून जास्त नावं एका यादीत आहेत, एक प्रत चितगावला, दुसरी मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी गृहात. आम्ही उमेदवारीत असताना त्या इमारतीवरून रोज जायचो, आत बघायला कुणी सांगितलं नाही.

---

भर्जरी_पुणेकर (रात्री ९.४०)

पुण्याचं योगदान कुणी सांगितलंच नाही अजून! खडकवासला तलावाच्या उत्तर काठावर दुसऱ्या महायुद्धात "एचएमएस अँगोस्टुरा" नावाचं नकली जहाज उभं केलं होतं. किनाऱ्यावर उतरायचा सराव करायला. युद्ध संपल्यावर ते ओसाड पडलं आणि मग ती जागा एनडीएला (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला) मिळाली.

---

टवाळ_टिनपाट (रात्री ९.४३)

पुणेकरांनी धरणात जहाज ठेवून जपानवर हल्ल्याची तयारी केली. दुपारी एक ते चार सराव बंद असणार.

---

अण्णा_सातारकर (रात्री १०.३०)

दर्यावर्दी साहेब, आगवाल्यांचं लिहिलंत ते बरं केलं. ती यादी बघायला जाईन मुंबईला गेलो की.

पण सराव केला तो वापरला कुठे? ब्रह्मदेशात?

---

इतिहासवेडा (रात्री ११.०५)

हो. रंगून, २ मे १९४५. २६ वी हिंदी डिव्हिजन समुद्रातून. आदल्या दिवशी गुरखे छत्रीधारी एलिफंट पॉइंटवर उतरवलेले. आणि जपानी आधीच पसार! रंगूनच्या तुरुंगातल्या ब्रिटिश कैद्यांनी छपरावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं की जपानी गेले. विंग कमांडर साँडर्स यांनी शहर रिकामं बघून विमान खाली उतरवलं, तुरुंगापर्यंत चालत गेले, आणि मग होडीने नदीतून खाली येऊन चाल करून येणाऱ्या सैन्याला सांगितलं की शहरात कोणी नाही. बाकी काय, पावसाळा सुरू झालेला, धो धो पावसात डिव्हिजन किनाऱ्यावर.

खरी मजा मलायाला. ऑपरेशन झिपर, ९ सप्टेंबर १९४५. जपानने शरणागती पत्करली होती, पण तयारी झालेलीच होती म्हणून २५ वी आणि २३ वी हिंदी डिव्हिजन उतरवली. मोरिबचा किनारा. वरून वाळू, खाली चिखल. ट्रक, गाड्या दरवाजातून बाहेर आल्या आणि रुतल्या. कित्येक भरतीत बुडाल्या. समोर एक जरी जपानी मशीनगन असती तर तारावा झाला असता.

हे खाडीपलीकडचाच्या खात्यात जमा करायला माझी हरकत नाही. पण मग आंझिओचं काय ते त्यांनी सांगावं.

---

आद्या (रात्री ११.०८)

आंझिओ?

---

इतिहासवेडा (रात्री ११.३२)

२२ जानेवारी १९४४, रोमच्या दक्षिणेला. पाणी चांगलं, किनारा चांगला, जर्मन गाफील. पहिल्या दिवशी ३६ हजार माणसं उतरली, मेले तेरा. रोमचा रस्ता मोकळा. आणि जनरल लुकस किनाऱ्यावरच खंदक खणून, माल उतरवून घेत बसले. जर्मन सेनापती केसेलरिंगने मिळेल तिथून तुकड्या गोळा केल्या, भोवतीच्या टेकड्या धरल्या, आणि मे महिन्यापर्यंत सगळे त्या चिंचोळ्या पट्टीत तोफांखाली. चर्चिल वैतागून म्हणाला होता की मला वाटलं रानमांजर किनाऱ्यावर फेकतोय, निघाला वाळूत अडकलेला देवमासा.

---

सायली_कां (७ जून, सकाळी ७.५५)

लुकसबद्दल थोडं सबुरीने. दोन डिव्हिजन घेऊन रोमकडे धावला असता तर मागचा किनारा कुणी सांभाळला असता? सालेर्नोला चार महिन्यांपूर्वी जर्मन रणगाडे जवळजवळ पाण्यापर्यंत आले होते, ते त्याला चांगलं माहीत होतं. त्याच्या वरिष्ठांनीही हुकूम मोघम ठेवला होता. नावं मात्र त्याला ठेवली.

---

खाडीपलीकडचा (सकाळी ८.४०)

आंझिओ, लाय पाटील, टांगा: या तिन्ही ठिकाणी किनाऱ्यानंतर काय करायचं तिथे गोची झाली. मी बोलतोय पाण्याची कड ते पहिला आडोसा एवढ्याच पट्ट्याबद्दल. तेवढ्या पट्ट्यात माझं मत कायम. ओमाहाच्या सार्जंटला सलाम, पण त्याला टेकाडापर्यंत पोचायला ओहोटीच्या वाळूवरून चालत यावं लागलं आणि तो कुठल्या मिनिटाला उतरेल ते बिडस्टनच्या चाकांनी ठरवलं होतं.

---

इतिहासवेडा (सकाळी ८.५२)

काल "निम्मी लढाई" होती, आज तीनशे यार्ड उरले. 😀 असंच चालू ठेवा, संध्याकाळपर्यंत फक्त ओल्या चपला राहतील.

---

रेवदंडेकर (सकाळी ९.१०)

तीनशे यार्ड कमी वाटतात का हो? एकदा ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे चालत जा, पाठीवर वीस किलो घेऊन, पाणी घोट्यावर आलेलं असताना. मग बोलू.

---

टवाळ_टिनपाट (सकाळी ९.१४)

कट्टा ठरवा. मी किल्ल्यावर मशीनगन, म्हणजे पाण्याची पिचकारी घेऊन बसतो. तिथी रेवदंडेकर काढतील, रस्सा-भाकरीचं सायलीताईंचा मुद्दा म्हणून आधी बघा.

---

रेवदंडेकर (सकाळी ९.२६)

उधाणाच्या दिवसांत सकाळी लवकर चांगली ओहोटी लागते. पण आता पावसाळा, समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमेनंतर बघू. कोण कोण येतंय ते इथे लिहा.